शॉकअप गळालं म्हणजे चिमटा मेला?

पावसाळा आला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर चिमट्याबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपवाल्या फोर्कबद्दल, एक मेसेज हटकून फिरतो. मजकूर थोडक्यात असा: "पुढच्या शॉकअपमधून तेल गळालं की चिमटा संपला. नळीवर ओरखडा असेल तर हवा जाते. दुरुस्तीत पैसे घालू नका, कोणताही नवा चिमटा बसवा. वाकला असेल तर मात्र लेथवाल्याकडून सरळ करून घ्या." खाली हात जोडलेले. म्हणजे दुरुस्त होण्यासारखं फेकून द्या आणि फेकण्यासारखं दुरुस्त करा!

आधी गळतीचं बघू. चिमट्याची वरची नळी ज्या खालच्या पायात सरकते, त्याच्या तोंडाशी रबरी सील असतं, त्याखाली तेलात भिजलेली फोमची कडी. आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसात काळी चिकट माती, दोन्हींचा मार याच सीलवर. ते झिजणारच, झिजण्यासाठीच आहे. पंपाचं वायसर गेलं म्हणून कुणी नवा बोअर पाडत नाही. शॉकअप बनवणारी रॉकशॉक्स कंपनी स्वतःच सांगते, की दर 50 तासांच्या रायडिंगनंतर खालचे पाय उघडून साफ करा. दर रविवारी संभाजीनगरहून म्हैसमाळला जाऊन यायला चार तास धरले, तर 50 तास तीन महिन्यांत भरतात. आपल्यातल्या किती जणांनी तीन वर्षांत एकदा तरी उघडलंय?

माझंच सांगतो. सुलीभंजनहून आलो तर उजव्या नळीवर तेलाची धार. दुकानात म्हणाले, "नवाच टाका." मित्रानं घरी उघडला तेव्हा फोमची कडी मातीनं गच्च. सील, कड्या, खालच्या पायांत चमचा-दोन चमचे तेल, एवढ्यात काम झालं. हे तेल फक्त वंगणाचं. दणका जिरवणाऱ्या भागाचं, म्हणजे डॅम्परचं, तेल बहुतेक चिमट्यांत आत वेगळं बंद असतं. म्हणून सीलपाशी धार दिसली की डॅम्पर गेलाच असं होत नाही. पण तसंच चालवतही राहू नका. तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरलं तर खुलताबादच्या उतारावर ब्रेक लागणार नाही.

ओरखड्यानं हवा जाते, हे तर साफ चूक. स्प्रिंगचं काम करणारी हवा नळीच्या आत कोंडलेली असते, बाहेरून खरवडल्यानं ती कुठून जाणार? ती जाते व्हॉल्व्हमधून किंवा आतल्या पिस्टनच्या रिंगमधून. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत असेल आणि सील तिथून सरकत असेल, तर तो ओरखडा सील फाडतो. ओरखड्याची कड बारीकशी उचललेली असेल तर ती 2000 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं मोडते. मात्र नळीचा रंग पट्ट्यानं उडून आतलं पांढरं ॲल्युमिनियम दिसत असेल, तर वरचा अख्खा भाग बदलावा लागतो. तो मिळाला तरी खर्च नव्या चिमट्याच्या आसपास जातो. तिथे मेसेजवाला बरोबर, पण त्याच्या कारणानं नाही.

लेथचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. वाकलेली ॲल्युमिनियमची नळी सरळ केली तरी आत कमजोर झालेली असते, आणि तुटताना सूचना देत नाही. खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमचे, त्यांना गल्लीतलं वेल्डिंग लावू नका. समोरून धडक बसली असेल तर चिमटा काढून हँडलच्या दांडीचं बूड तपासा. चीर दिसली, किंवा नळ्या आत-बाहेर होताना अडकल्या, तर तो भंगारात.

"कोणताही नवा" म्हणजे काय, हेही कळत नाही. दांडी सरळ 28.6 मिमीची, की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारी? ॲक्सल 9 मिमीचा की 15 चा? चाक 26, 27.5 की 29 इंची? लांबी 20 मिमीनं वाढली तरी स्टिअरिंगचा कोन साधारण एक अंशानं लवंडतो. जुना चिमटा मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहता राहिला स्वस्त सायकलींवरचा स्प्रिंगचा चिमटा, अडीच किलोच्या आसपासचा. बऱ्याचदा त्यात तेलच नसतं, स्प्रिंग आणि ग्रीस, बस्स. आधी उघडून साफ करून ग्रीस भरा. तरीही नळ्या खडखडत असतील आणि तुमची सायकल शहरातल्या जालना रोडवरच फिरत असेल, तर त्याच लांबीचा साधा लोखंडी चिमटा टाका. वजन निम्म्यावर येतं आणि गळायला काही उरतच नाही.