सोलकढी उकळू नका: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

उन्हाळा तापला आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागले, की सोलकढीचा एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नारळाचं दूध आधी उकळून घ्या म्हणजे कढी फाटत नाही. आमसुलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) उकळत्या पाण्यात टाका म्हणजे रंग चढतो. रंग जितका गडद तितकी कढी अस्सल, कमी पडला तर बीट घाला. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) नसेल तर कोकम सरबत चालतं. जुन्या पद्धतीनं पितळेच्या पातेल्यात करा. विकतचं दूध आणि घरचं दूध यांत फरक नाही. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. आणि रोज ग्लासभर प्यायलात तर पोट उतरतं. खाली पंधरा-वीस लाल बदाम आणि ‘पुढे पाठवा’.

पुढे पाठवण्याआधी एकेक मुद्दा बघू. बहुतेक टिपा पाळल्या तर एक नारळ वाया जाईल, एवढंच. पितळेची टीप मात्र पोटाला बाधू शकते.

पहिला मुद्दा उकळण्याचा, आणि सगळा घोळ इथेच आहे. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब. प्रत्येक थेंबाभोवती नारळातल्याच प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळून तेल वर येत नाही. दूध साधारण ८० अंश सेल्सियसच्या पुढे तापलं की ही प्रथिनं गोठायला लागतात. आंबटपणानंही हे आवरण कमकुवत होतं. कोकमाचा आंबटपणा एकटा असेल तर दूध बऱ्यापैकी तग धरतं. आधी उकळायचं आणि मग त्यात आगळ ओतायचं म्हणजे दोन्ही घाव एकाच जागी. फाटू नये म्हणून सांगितलेला हा उपाय कढी फाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

‘मग माशाची आमटी कशी उकळतो?’ असं कुणीतरी विचारणारच. आमटीत नारळ वाटून घातलेला असतो, गाळलेला नसतो. वाटणातला चोथा, धणे, मिरच्या सगळं मिळून रस्सा धरून ठेवतात, आणि वर थोडा तवंग आला तर तो हवाच असतो. सोलकढीत चोथा गाळून टाकलेला असतो. तिथे धरून ठेवायला काही उरत नाही.

शिवाय ज्याला लोक फाटणं म्हणतात, ते बहुतेक वेळा फाटणं नसतंच. करून ठेवलेल्या कढीवर तासाभरात दाट पांढरट थर येतो आणि खाली गुलाबी पाणी उरतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येणारच. पळीनं ढवळलं की कढी पूर्ववत. दुसरा प्रकार फ्रीजमधला: वर पांढरे, मेणासारखे कण तरंगतात आणि जिभेला चिकटतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटलीतलं तेल घट्ट होतं तेच इथे घडतं. वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि ढवळा, कण विरघळतात. खरी फाटलेली कढी ओळखायची ती अशी: ढवळूनही दाणे राहतात आणि मधलं पाणी पारदर्शक दिसतं. ती दुरुस्त होत नाही. कॉर्नफ्लोअर लावून ती घट्ट होते, सोलकढी होत नाही. त्या दिवशीच्या आमटीत ओतून मोकळं व्हावं.

आता दूध काढायचं कसं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चार माणसांना एक मध्यम नारळ. हलवल्यावर पाणी वाजणारा, पण सुकून खोबऱ्याकडे झुकलेला नको. तशा नारळाचं दूध तेलकट लागतं. खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ लागली की थांबा. ती दुधात आली तर कढी मळकट दिसते आणि किंचित कडवटही लागते. साधारण तीन वाट्या खवलेला नारळ निघतो. त्यात लसणीच्या चार बारीक पाकळ्या, एक-दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं आणि दीड वाटी कोमट पाणी घालून मिक्सरला लावा. पाणी बोट बुडवून सहज सहन होईल इतकंच गरम. बर्फाच्या पाण्यात वाटलं तर तेल गोठून चोथ्यातच राहतं आणि दूध पाणचट निघतं. उलट मिक्सर सलग दोन-तीन मिनिटं चालवला तर भांडं तापतं, तेल सुटून कडेला जमतं. वीस-तीस सेकंदांच्या तीन-चार फेऱ्या पुरेत. स्वच्छ पंचात घालून हातानं घट्ट पिळा. नुसत्या गाळणीत निम्मं दूध चोथ्यात राहतं. मग चोथ्यात एक वाटी कोमट पाणी घालून पुन्हा एकदा वाटा, पिळा. तिसऱ्यांदा पिळलेलं फक्त पांढरं पाणी असतं, ते आमटीला ठेवा.

आमसुलांकडे येऊ. बारा-पंधरा आमसुलं धुऊन एक वाटी साध्या पाण्यात तासभर भिजवायची, मग बोटांनी चुरगळून गाळायची. घाई असेल तर कोमट पाणी घ्या, अर्ध्या तासात काम होतं. उकळत्या पाण्यानं रंग लवकर उतरतो हे खरं आहे, मेसेजवाल्याला तेवढंच दिसलंय. पण कोकमाचा लाल रंग ॲन्थोसायनिन या रंगद्रव्याचा असतो, आणि ते उष्णतेनं मोडतं. उकळत ठेवलेलं पाणी हळूहळू विटकरीकडे झुकतं, दुधात घातल्यावर कढी मातकट दिसते. साल शिजून तुरटपणाही जास्त उतरतो.

हेच रंगद्रव्य पुढच्या टिपेलाही उत्तर देतं. खूप आंबट द्रवात ते लालभडक असतं, आंबटपणा कमी झाला की जांभळटपणाकडे सरकतं. म्हणून बाटलीतलं आगळ गडद लाल, आणि दुधात मिसळल्यावर कढी फिकट गुलाबी, जरा जांभळी झाक असलेली. हाच तिचा रंग. तो गडद करायचा तर आगळ वाढवावं लागेल, आणि मग पहिल्या घोटालाच दात आंबतील. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही घरात राणी रंगाची कढी दिसणार नाही. ती हॉटेलच्या ग्लासातच भेटते. बीट घालून रंग येतो, सोबत बिटाचा मातट वास येतो, आणि आंबटपणा होता तिथेच राहतो. रंगासाठी कढी करायची असेल तर बोलणंच खुंटलं.

आगळ आणि कोकम सरबत एकच, हा गैरसमज बाटल्यांच्या सारख्या रंगानं पसरवलाय. पिकलेले रातांबे कापून, बिया काढून, सालींना भरपूर मीठ लावून बरणीत मुरवतात. सुटलेला रस गाळला की ते आगळ. साखर नाही, पाणी नाही, आणि त्या मिठामुळेच ते वर्षभर फ्रीजशिवाय टिकतं. सरबताच्या बाटलीत, म्हणजे अमृत कोकमात, साली साखरेत मुरवलेल्या असतात. ते लसूण-मिरचीच्या दुधात घातलं तर काय चव लागेल ते सांगायला नको. आगळ नसेल तर आमसुलं वापरा, दोन्ही नसतील तर सरळ ताक करा.

आगळ वापरताना दोन गोष्टी पाळायच्या. एका नारळाच्या दुधाला दोन मोठे चमचे आगळ घ्यायचं, ते आधी अर्धी वाटी पाण्यात सैल करायचं, मग थोडं थोडं ढवळत दुधात सोडायचं. थेट बाटलीतून ओतलं तर जिथे धार पडते तिथे दूध दाणेदार होतं. चव बघून हवं तर आणखी चमचाभर. मीठ अगदी शेवटी. आगळात आधीच इतकं मीठ असतं की पुष्कळदा वेगळं लागतच नाही, आणि खारट झालेल्या कढीवर दूध वाढवण्याखेरीज इलाज नाही. आमसुलांचंही तेच: सुकवताना त्यांना मीठ लागलेलं असतं, वर पांढरी पूड दिसते ती पुष्कळदा मिठाचीच.

पितळेचं पातेलं. पूर्वीच्या पितळी भांड्यांना आतून कल्हई असायची, आणि ती उडाली की कल्हईवाला दारात यायचा. मेसेजात कल्हईचा उल्लेखही नाही. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो, कढीला धातूची कडवट चव येते, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियमही टाळा. लोखंडाला लागून कोकमाचा रंग काळवंडतो. काच, चिनी माती, स्टील यांपैकी काहीही घ्या.

विकतच्या दुधाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. कालवणाला, भाजीच्या रश्शाला ते चांगलं चालतं, आणि परगावी, जिथे बरा नारळ मिळत नाही, तिथे दुसरा पर्याय नसतो. पण टिकावं म्हणून ते तापवलेलं असतं, आणि थर वेगळे होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा त्यात गोंदासारखे घटक घातलेले असतात. ते सहसा फाटत नाही याचं श्रेय त्या गोंदाला. कालवणात मसाल्याखाली शिजका वास झाकला जातो, कच्च्या सोलकढीत झाकायला काही नसतं. वापरायचंच तर एक वाटी दुधाला दीड वाटी पाणी घाला आणि लसूण-जिरं वेगळं कुटून त्यात पिळा.

तीन दिवसांची टीप वाचून खरोखर राग येतो. ही न शिजवलेली गोष्ट आहे, त्यात ताजा नारळ आहे, कच्ची लसूण आहे. कोकणातल्या मे महिन्यात सकाळी केलेली कढी दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर ठेवायची असेल तर बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवा, नाहीतर फ्रीजमध्ये. रात्रीपर्यंत संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्यापुढे ती आंबली नाही तरी कच्च्या लसणीचा दर्प इतका वाढतो की बाकी चव लागत नाही. फ्रीझरमध्येही नको, गोठून वितळलेलं दूध दाणेदार होतं. आगळ वर्षभर टिकतं, नारळ करवंटीत आठवडे टिकतो. टिकवायचं ते वेगवेगळं टिकवा.

राहिला पोट उतरण्याचा दावा. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, हे खरं. हेच आम्ल कोकमाच्या कुळातल्या, केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीतही असतं, आणि त्याच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी विकल्या जातात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९९८ साली त्याची चाचणी छापून आली: १३५ माणसं, १२ आठवडे, रोज १,५०० मिलिग्रॅम. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही. आणि इथे तर त्या आम्लाबरोबर नारळाचं दूधही पोटात जातं. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश चरबी असते. नारळात कोलेस्टेरॉल असतं म्हणून सोलकढी सोडणारेही चुकतात, ते कुठल्याच वनस्पतीत नावापुरतंच असतं. पण त्यातली बहुतेक चरबी संपृक्त आहे. माशाच्या जेवणावर वाटीभर कढी घ्या, रोज ग्लासभर औषध म्हणून नको.

हलकंच काही हवं असेल तर आमसुलाचं सार करा: आठ-दहा आमसुलं तीन वाट्या पाण्यात भिजवून चुरगळायची, मीठ, चिमूटभर तिखट आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी काढायची, वर तूप-जिरं-हिंगाची फोडणी. नारळाचं दूध नसल्यानं फाटायची भीती नाही. गूळ मात्र चाखून घाला, सगळी आमसुलं सारखी आंबट नसतात.