पूल चालणाऱ्यांचा असू द्या की!

पुण्यात डेक्कन मेट्रो स्टेशनवरून नदीपलीकडे नारायण पेठेत पायी जायचा पूल, त्याच्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर जाम वाद चाललेत. मामा म्हणतो एवढा खर्च केलाय तर टू-व्हीलरपण सोडा ना, बाकीचे म्हणतात हलका पूल आहे, गाड्यांचं वजन झेपणार नाही. मी लंडनमधून दोन्हीकडे भांडतोय. गाड्या मलाही नकोयत, पण वजनाचं कारण काय पटत नाही.

कारण गर्दी गाड्यांपेक्षा जड असते! एक स्कूटी आणि वर डबलसीट मिळून अडीचशे किलो धरा, पण ती दीडेक चौरस मीटर जागा खाते. पादचाऱ्यांसाठी आपल्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्ते-पुलांचे नियम ठरवणारी संस्था) नियमात चौरस मीटरला 400 किलो धरतात, आणि जिथे जत्रेसारखी गर्दी होते तिथे 500. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी नदीवरच्या पुलावर काय होतं ते मी सांगायला नको.

आणि नुसतं वजन नाही, हलणं. इथला, लंडनचा, मिलेनियम ब्रिज हा पण चालणाऱ्यांचाच पूल, तो 10 जून 2000 ला उघडला आणि दोन दिवसांत बंद केला, कारण चालताना आपण प्रत्येक पावलाला थोडं बाजूला ढकलतो, पूल जरासा डुलला की लोक तोल सांभाळायला त्याच्याच लयीत चालायला लागतात, मग तो अजून डुलतो. शेवटी खाली डँपर बसवले, गाडीच्या शॉकअब्जॉर्बरसारखे, आणि फेब्रुवारी 2002 मध्ये परत उघडला. आणि डुलला तेव्हा त्या पुलावर ढोल-ताशाही नव्हता!

म्हणजे गाड्या नको त्या वजनासाठी नाही, तर आजीला नातवाचा हात सोडून चालता यावं म्हणून. एकदा स्कूटी शिरली की हॉर्न आलाच, मग तो दुसरा भिडे पूल (जवळचाच, गाड्यांनी भरलेला, नदीला पाणी आलं की बुडणारा), फक्त न बुडणारा.

मला खरी काळजी सायकलची आहे, त्यावर ग्रुपवर कुणी बोलतच नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली, म्हणजे नवा कुठलाही पूल उंच घ्यावाच लागणार. रँप 1:20 चा, म्हणजे वीस मीटर लांबीला एक मीटर चढ, धरला तर पाच मीटर चढायला शंभर मीटर लांबी लागते, आणि पेठेच्या बाजूला एवढी मोकळी जागा कुठाय? मग जिना आणि लिफ्ट देऊन मोकळे होतात, आणि सायकलवाला जातो भिडे पुलावरूनच, स्कूट्यांच्या धुरात. आधी दोन्ही टोकांची जागा ठरवा, केबल आणि लाइटिंगचं नंतर बघू.