हायब्रिड गांजात कसला आलाय ‘समतोल’?

‘गांजाच्या दोन जातींपैकी इंडिका अंग सैल करते, सॅटिव्हा डोकं तरतरीत ठेवते. हायब्रिडमध्ये, म्हणजे त्यांच्या संकरात, दोन्हींचं चांगलं तेवढं उतरतं, म्हणून ना सुस्ती, ना घबराट. वास घेतला की परिणाम कळतो. शिवाय नैसर्गिक, त्यामुळे झोप, दुखणं, चिंता, सगळ्यांवर चालतं.’ हा मजकूर इतका फिरलाय की विकणारेही आता तोच पाठ म्हणून दाखवतात. त्यात तथ्य किती ते पाहू.

आधी इंडिका-सॅटिव्हा. सॅटिव्हा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नोंदवलं, इंडिका दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने, लामार्कने, 1785 मध्ये, भारतातल्या झाडांवरून. गंमत म्हणजे लामार्कच्या मते इंडिका थेट डोक्यात चढते, दुःख विसरायला लावते आणि माणसाला खुशीत आणते. ‘इंडिका म्हणजे झोप’ हे त्याच्याकडून आलेलं नाही. पुढे इतकी वर्षं इतके संकर झाले की आज बाजारातलं जवळपास प्रत्येक वाण हायब्रिडच आहे. अमेरिकेतल्या सहा राज्यांतल्या सुमारे 90,000 नमुन्यांचं विश्लेषण 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. इंडिका, सॅटिव्हा, हायब्रिड ही लेबलं आणि आतली रसायनं यांचा त्यात नीट मेळ बसला नाही.

‘ना सुस्ती, ना घबराट’ हा ‘समतोल’ खरा कळीचा दावा, आणि तोच सगळ्यात पोकळ. झाडात टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारं) एकाच कच्च्या मालापासून बनतात. कुठलं बनणार हे मुख्यतः त्या झाडातल्या एन्झाइमवर ठरतं. टीएचसीवालं आणि सीबीडीवालं झाड एकमेकांशी संकरित केलं, तर पहिल्या पिढीत दोन्ही बऱ्यापैकी उतरतात. पण आईबाप दोघेही टीएचसीवाले असतील, तर पोरात सीबीडी येणार कुठून? नशेसाठी विकली जाणारी बहुतेक हायब्रिडं याच दुसऱ्या प्रकारची. टीएचसीची मात्रा वाढली की छाती धडधडणं, घबराट, संशय हे सगळं होऊ शकतं, पाकिटावर हायब्रिड लिहिलेलं असलं तरी.

वासाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. वाणावाणांत वास आणि चव खरोखर बदलते. लिंबाची झाक लिमोनीनची, मिरी-लवंगेचा तिखटपणा कॅरिओफायलीनचा, लॅव्हेंडरसारखा गंध लिनॅलूलचा आणि मातकट, बिअरमधल्या हॉप्ससारखा वास मायर्सीनचा. पेट्रोलसारखा किंवा स्कंक प्राण्यासारखा जो उग्र भपकारा येतो, तो अगदी अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांचा. हे 2021 मध्ये दाखवलं गेलं. इथवर ठीक. पण वासावरून परिणाम सांगणं ही उडी फार लांबची. 2024 च्या एका छोट्या चाचणीत टीएचसीच्या वाफेसोबत शुद्ध लिमोनीन दिल्यावर घबराट कमी झाली हे खरं, पण तिथे ते मोजून वेगळं दिलं होतं. शिवाय ही द्रव्यं उडून जाणारी. सुकवताना आणि साठवणीत ती घटत जातात.

परिणाम ठरतो तो मात्रेवर, सवयीवर आणि घेण्याच्या पद्धतीवर. ओढलं तर काही मिनिटांत चढतं. खाल्लं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि यकृतात टीएचसीचं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही नशा आणणारंच. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा तोंडात टाकणारे इथेच फसतात. वाण कुठलं होतं, हा प्रश्न तिथे गौण.

राहिले उपयोग. केमोथेरपीतल्या मळमळीवर अमेरिकेत 1985 मध्ये मंजूर झालं ते कृत्रिम टीएचसी. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर 2018 मध्ये मंजूर झालं ते शुद्ध केलेलं सीबीडी. दोन्ही ठरावीक मात्रेची औषधं, कुठल्या वाणाची फुलं नव्हेत. जुनाट दुखण्यावर काहींना थोडाफार आराम मिळतो, याला पुरावा आहे. झोप सुरुवातीला लवकर लागते, पण रोजची सवय झाली की असर ओसरतो, आणि सोडल्यावर झोपमोड व विचित्र स्वप्नं सुरू होतात. चिंतेवर टीएचसीचा भरवसा धरण्याजोगं काही हाती नाही.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणाल तर सीबीडीही औषधांत ढवळाढवळ करतं. यकृतातली काही एन्झाइम्स ते मंदावतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा असर वाढून रक्तस्रावाचा धोका येतो. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हे सांगावंच लागतं, मग वाण इंडिका असो की हायब्रिड.