नोडल अधिकाऱ्यासाठी चार सौर सूचना

अभिनंदन! कार्यालयाचे सौरऊर्जा नोडल अधिकारी म्हणून तुमच्या नावाचा आदेश निघाला आहे. रजेवर असलेल्या माणसाचंच नाव सुचवायचं असतं, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

कायद्याचा बाऊ करू नका. 2003 च्या वीज कायद्याने वितरण कंपन्यांना ठरावीक हिस्सा अपारंपरिक विजेचा घ्यायला लावला. 2022 साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बड्या ग्राहकांवरही तसं बंधन घालायची सोय झाली. 2024 च्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर पॅनेलच्या योजनेसोबत केंद्राच्या सगळ्या इमारतींच्या छतांना 2025 अखेरची मुदत मिळाली. मुदतीचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. देशभरातल्या छतांवर 2022 पर्यंत 40 गिगावॅट उभे राहायचे होते. निम्मेही झाले नाहीत. त्या जुन्या छत-सौर योजनेला 2026 पर्यंत मुदतवाढ मात्र वेळेत मिळाली.

आता छत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि तुमच्या गच्चीवर तुटक्या खुर्च्या, दोन कूलरचे सांगाडे आणि निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहणारं एक लोखंडी कपाट आहे. त्यांना हात लावू नका, ऑडिट निघेल. पॅनेल टाकीच्या सावलीत बसवा. आणि अहवालात फक्त किलोवॅट, म्हणजे बसवलेली क्षमता कळवा; युनिट, म्हणजे तयार झालेली वीज, कधीच नाही! बसवलेला किलोवॅट सावलीत, धुळीत, कबुतरांच्या कृपेखालीही किलोवॅटच राहतो. युनिट रोज मोजावे लागतात. शिवाय पॅनेल धुवायचं काम कुठल्याच शिपायाच्या कर्तव्यसूचीत नाही.

खरं तर दहा ते सहा चालणारं कार्यालय म्हणजे सूर्याला मिळालेलं आदर्श गिऱ्हाईक. ऊन असतं तेव्हाच पंखे फिरतात. पण हे वरिष्ठांसमोर बोलू नका, लगेच बचतीचा तक्ता मागतील. भर दुपारी पडदे ओढून ट्यूबलाइट लावायची आपली परंपरा त्या तक्त्यात बसत नाही.

उद्घाटनाला जनरेटर भाड्याने आणाच. बॅटरी नसलेला ग्रिडजोड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला संच लाइट गेली की आपोआप बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून केलेली ती सोय आहे. मंत्रिमहोदयांना मात्र डोक्यावर ऊन आणि हातात बंद माइक, हे समजावणं अवघड जातं. डिझेलचा खर्च 'स्वागत व किरकोळ' या शीर्षाखाली टाका.

राहिला तो माहिती अधिकारवाला. वर्षभरात किती युनिट तयार झाले, असं तो विचारणारच. अर्ज कलम 6(3) अन्वये बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे वर्ग करा. संच तुमच्या ताब्यात असल्याने ते तो तुमच्याकडेच परत पाठवतील. तोवर तुमची बदली झालेली असेल.