कुठला चहा?

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी पुन्हा ठणकावून सांगितलं, की ज्यात चहाची पत्ती नाही तो चहाच नव्हे. पुदिन्याचा, कॅमोमाइलचा, रुइबॉसचा, हे सगळे काढे. त्यांना चहा म्हणणं म्हणजे भाषेचं अज्ञान. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय आणि दरवेळी गप्प बसलेय. आज लिहितेय, कारण मी भाषांतर करून पोट भरते आणि या एका शब्दाची चूक माझ्या हातून झालेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक इंग्रजी कथा मराठीत आणायची होती. इंग्लंडच्या उत्तरेकडचं कामगाराचं घर, बापाचं काम सुटलेलं. पोरगा शाळेतून येतो आणि आईला विचारतो, आज ‘टी’ला काय आहे? आई म्हणते, आज ‘टी’ नाही, पाणी पी आणि झोप. मी लिहिलं, ‘आई, आज चहाबरोबर काय?’ ‘आज चहा नाही रे.’ वाक्य गुळगुळीत झालं म्हणून मी खूशही होते. आठवड्याने संपादक बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “अगं, ते पोर उपाशी झोपलंय. तू त्याचा फक्त चहा चुकवलास.”

त्या भागात कामकऱ्यांच्या घरी संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. शब्दकोशात हा अर्थ होता, पहिल्या अर्थाच्या चार ओळी खाली. तिथवर मी गेलेच नव्हते, कारण चहा म्हणजे काय हे मला माहीत आहे अशी माझी खात्री होती. मग मी ‘आई, जेवायला काय?’ असं केलं. दोन वाक्यं बदलली आणि सगळ्या पानावर भूक पसरली.

तेव्हापासून चहा शब्द दिसला की मी थांबते. कुठला चहा?

कारण हा शब्द पेयापाशी थांबतच नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत ‘याम छा’ म्हणजे शब्दशः चहा पिणं, पण त्यात वाफवलेल्या पदार्थांच्या टोपल्यांमागून टोपल्या येतात. ते अख्खं जेवण असतं. क्रिकेटमध्ये ‘टीपर्यंत तीन बाद’ म्हणतो तेव्हा कोण काय प्यायलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, ती एक वेळ झालेली असते. जपानीत तपकिरी रंगालाच ‘चाइरो’ म्हणतात, चहाचा रंग. नेहमीच्या, रोजच्या गोष्टीला तिथे ‘चहाभाताची बाब’ म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. चीनमध्ये पोलिसांनी एखाद्याला ‘चहाला बोलावलं’ असं कुणी हळू आवाजात सांगितलं, तर ती चौकशी असते. हे वाक्य मराठीत जसंच्या तसं उतरवलं तर त्यातली सगळी भीती निघून जाईल.

आता शुद्धतेचा मुद्दा. ‘चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस हे झुडूप, बाकी सगळं खोटं’ असं म्हणणाऱ्यांनी चिनी लिपीतलं चहाचं अक्षर एकदा जवळून बघावं. वर गवताची खूण, मध्ये माणसासारख्या दोन तिरप्या रेघा, खाली झाडासारखा भाग. हे अक्षर आलं कुठून? एका जुन्या अक्षरातली एक आडवी रेघ गाळून. आणि त्या जुन्या अक्षराचा अर्थ होता एक कडू पालेभाजी! आठव्या शतकात, थांग राजवटीत, लू यू यांनी चहावर ग्रंथ लिहिला, त्या सुमारास ही रेघ गळून नवं अक्षर रूढ होत गेलं. म्हणजे ज्या झुडपाची पत्ती ‘खरा चहा’, त्याचं नावच दुसऱ्या वनस्पतीकडून उसनं घेतलेलं. मग पुदिन्याने तेच नाव मागितलं तर आपण कुठल्या तोंडाने अडवायचं?

शास्त्रीय नावही काही आभाळातून पडलेलं नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली या झुडपाला ‘थिआ’ म्हटलं होतं, ‘कॅमेलिया’ नंतर झालं. पोलिश लोक चहाला ‘हेर्बाता’ म्हणतात. त्यात लॅटिनमधली ‘हर्बा’ म्हणजे वनस्पतीच आधी येते, चहा मागून. आणि मराठीत गवती चहा आहेच. त्याला ‘गवती काढा’ म्हणा असं कुणी म्हणून बघावं.

तरी एका जागी मी त्या गृहस्थांच्या बाजूने आहे. पाकिटावर काय आहे ते स्पष्ट लिहिलंच पाहिजे. कुणाला कॅफिन चालत नाही, कुणाला नेमकं तेच हवं असतं. व्यवहारात अर्थ आवळावा लागतो. चव तपासणाऱ्यांसाठी तर आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, सहा मिनिटं. ते तिथे योग्यच आहे. पण तपासणीच्या टेबलावरचा नियम घराघरातल्या बोलण्यावर लादायचा नसतो.

‘चा’ आणि ‘टी’ ही एकाच शब्दाची दोन तोंडं, हे बहुतेकांना माहीत असतं. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’ डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम युरोपात गेला. ‘चा’ जमिनीवरून फारसी, रशियन, तुर्की असा पसरला, आणि आपला चहा त्याच घराण्यातला.

इंग्रजीत ‘टी’ म्हणजे हल्ली आतली खबरही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या, म्हणजे बहुधा स्त्रीवेशात रंगमंचावर येणाऱ्यांच्या, बोलीतून हा अर्थ आला आणि तो मुळात ‘ट्रुथ’चं आद्याक्षर होता असं मानतात. आपल्या ‘चहाडी’चा चहाशी संबंध नाही, पण भाषांतर करताना दोन्ही शब्द शेजारी आले की मला क्षणभर बरं वाटतं.

एक अर्थ मात्र मला मनापासून खटकतो. चहापाणी. रशियनमध्ये बक्षिसीला ‘चहाचे पैसे’ म्हणतात, तोवर ठीक आहे. पण पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीतही लाचेला ‘चाय’ म्हणतात, आणि इथे एका भाषेचा दोष काढता येत नाही. दारात आलेल्याला चहाला नाही म्हणणं कठीण असतं, नेमकं तेच हेरून लाच या शब्दाच्या आड उभी राहते. मी भाषांतरात आता तिथे सरळ ‘लाच’ लिहिते. मूळ पात्र लपवत असेल तरच चहापाणी.

आणि एक चहा आपण गमावत चाललोय. जुन्या मराठीत ‘चहा’ स्त्रीलिंगी होती. चहा म्हणजे आवड, कदर. गुणांची चहा करणे, म्हणजे गुण ओळखून त्यांचा मान राखणे. चाहता त्याच घरातला. या ‘चहा’चा पत्तीशी काही संबंध नाही, पण पेयाने तिची जागा इतकी व्यापली की आज ‘त्यांच्या कामाची चहा झाली नाही’ असं वाचून माणसाला कप आठवतो. मला याचं फार वाईट वाटतं. ‘कौतुक’ आहे, ‘दाद’ आहे, पण ओळखणं आणि आवडणं एकत्र आणणारा असा दुसरा शब्द माझ्या हाताशी नाही.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या सुताराच्या गोष्टीचं भाषांतर केलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, ‘त्याच्या हाताची कुणीतरी चहा केली, ती पहिल्यांदाच.’ मुद्रितं तपासून आली तेव्हा ‘केली’वर लाल रेघ होती आणि समासात ‘केला?’ असं लिहिलेलं. मी ती रेघ खोडली आणि खाली लिहिलं: चहा केली. असंच राहू द्या.