सासूबाई यात बसत नाहीत!

तुमच्या लेखात अमेरिकेतल्या एफएमएलएमध्ये (फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट, म्हणजे घरच्यांच्या आजारपणासाठी वगैरे रजा देणारा फेडरल, म्हणजे देशभराचा कायदा) १२ आठवडे सुट्टी मिळते असं छान लिहिलंय, पण ती बिनपगारी असते हे जरा ठळक लिहायचं ना. मी न्यू जर्सीत असते, मागच्या वर्षी सांगलीला बाबांची बायपास झाली तर आमच्या एचआरची बाई म्हणे इंडियातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालणार नाही. साफ चूक! पेशंट दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपनीला घ्यावंच लागतं, इंग्रजीत नसेल तर भाषांतर मागू शकतात, आणि आपले डॉक्टर तर इंग्रजीतच लिहितात, अक्षर लागलं म्हणजे झालं. नियमच मेलमध्ये चिकटवून पाठवला, दोन दिवसांत रजा मंजूर.

अजून एक, १९९३ च्या या कायद्यात आई-वडील येतात पण सासू-सासरे नाहीत, न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यात मात्र येतात, त्यामुळे आपल्या स्टेटचं पण बघा. आणि कंपनीची ७५ मैलांच्या आत ५० माणसं नसतील किंवा तुमचं १ वर्ष आणि शेवटच्या १२ महिन्यांत १२५० तास भरले नसतील तर फेडरलवाला लागूच होत नाही, जॉब बदलताना हे कोण बघतं?