जुनी सोतेर्न बिघडलेली नसते: फिरत्या पोस्टला मुद्देसूद उत्तर

‘वाईनच्या नावाखाली साखरपाणी’ अशा आशयाची एक पोस्ट सध्या अनेक ग्रुपवर फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रान्सच्या सोतेर्न भागातली गोड पांढरी वाईन म्हणजे साखर घातलेला रस, जुन्या बाटलीच्या तळाशी दिसणारे खडे हाच त्याचा पुरावा. ही वाईन कुजक्या द्राक्षांची असते. जुनी झाली की तपकिरी पडते, म्हणजे बिघडते, आणि तीच बिघडलेली बाटली लाखोंना विकली जाते. जाणकार कोरडी (म्हणजे गोड नसलेली) वाईन पितात, गोड वाईन नवशिक्यांची. शेवटी सल्ला असा की बाटली हाती आलीच तर बर्फगार करून केकबरोबर संपवून टाका.

हा सल्ला मानून कुणी तीस वर्षांची बाटली वाया घालवली तर मला खरंच वाईट वाटेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी साखर. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. सोतेर्नमध्ये चांगल्या वर्षी घड तोडतात तेव्हा त्यांच्या रसात २० टक्के अल्कोहोल होऊ शकेल इतकी साखर असते, म्हणजे लिटरला ३४० ग्रॅमच्या आसपास. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट १३-१४ टक्क्यांपर्यंत पोचतं आणि तिथे ही क्रिया, म्हणजे किण्वन, थांबतं किंवा थांबवलं जातं. उरलेली शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर वाईनमध्ये राहते आणि ती द्राक्षाची असते. कित्येक स्वस्त गोड वाईनमध्ये गोडवा मागाहून मिसळतात हे खरं आहे, पण त्यावरून सोतेर्नला त्याच रांगेत बसवता येत नाही.

आणि तळाचे खडे? त्यातला एक बोटावर घेऊन दाताखाली धरून पाहा. कचकचतो, किंचित आंबट लागतो, गोड अजिबात नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे ते क्षार आहेत, थंडीत वाईनमधून वेगळे होऊन खाली बसलेले. अपाय काही नाही. बाटली अलगद ओतली की ते तळाशीच राहतात.

‘कुजकी द्राक्षं’ या शब्दांत अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त पसरतं. सोतेर्न बोर्दो शहराच्या आग्नेयेला, सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे सिरों नावाची छोटी, गार पाण्याची नदी गारोन नदीला मिळते. शरद ऋतूत गारोनचं पाणी त्या मानाने उबदार असतं, त्यामुळे पहाटे दाट धुकं उठतं आणि ओलाव्यात बोट्रायटिस ही बुरशी मण्यांवर धरते. दुपारी ऊन पडलं की मणी कोरडे होतात आणि बुरशीला आळा बसतो. हे आलटून पालटून चालत राहिलं तर बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, त्यातून पाणी उडून जातं आणि मणी जांभळट तपकिरी होऊन सुरकुततो. ती थोडं आम्लही खाते, पण पाणी इतकं कमी होतं की साखरेबरोबर उरलेलं आम्लही दाट होतं. दुपारचं ऊन मिळालं नाही आणि पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी घड नासवते. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी अवकाळी पावसात मणी कुजताना पाहिले आहेत. त्यांना या वाईनचं कौतुक आधी पटणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. बुरशी तीच, पुढचं सगळं हवामान ठरवतं.

म्हणूनच तिथे तोडणी एका दमात होत नाही. छोट्या कात्र्या घेऊन माणसं त्याच बागेत आठवड्यांच्या अंतराने चार-पाच, कधी त्याहून जास्त फेऱ्या मारतात, आणि घडातले नेमके पिकून सुरकुतलेले मणी तेवढे काढतात. शेजारचा सोनेरी मणी पुढच्या फेरीसाठी ठेवतात. शातो दीकेम या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या बागेने १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षी आपली गोड वाईन बाजारात आणलीच नाही, कारण माल मनासारखा नव्हता. कुजकं विकून पैसे करायचे असते तर ही चार वर्षं कुणी हातची घालवली नसती.

आता रंग. पोस्टमधली सर्वांत नुकसानकारक गोष्ट हीच आहे, कारण ती वाचून लोक चांगली वाईन बेसिनमध्ये ओततील. सोतेर्न तरुणपणी फिकट सोनेरी असते. वर्षं जातात तशी गडद सोनेरी, मग मधासारखी, मग अंबर, आणि फार जुनी झाली की कोऱ्या चहाच्या रंगावर येते. कॉर्कमधून शिरणारी अगदी थोडी हवा आणि वाईनमधल्या घटकांच्या आपसातल्या क्रिया यांचा हा संथ परिणाम आहे. नुसत्या रंगावरून वाईन बिघडली असं ठरत नाही. बिघडलेली ओळखायची तर खुणा वेगळ्या आहेत: वाईन गढूळ दिसणं, वाईनची पातळी बाटलीच्या गळ्याखाली बरीच उतरलेली असणं, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, किंवा व्हिनेगरचा असा भपकारा की दुसरं काही जाणवूच नये. व्हिनेगरची पुसट झाक मात्र बोट्रायटिसच्या वाईनमध्ये चालते, उलट ती वास वर उचलते.

बार्साक हे सोतेर्न परिसरातलंच एक गाव. तिथली १९८८ची अर्धी बाटली मी चाखली आहे. रंग थेट अंबर, कडेला हिरवट पिवळी रेघ, पण काच धुतल्यासारखी स्वच्छ. ओतल्या ओतल्या फक्त मेणाचा वास आला आणि सोबतच्या एकाने ‘गेली ही’ असं म्हणूनही टाकलं. वीसेक मिनिटं ग्लास तसाच ठेवला. मग वाळलेलं जर्दाळू आलं, संत्र्याच्या सालीचा मुरांबा आला, केशर आलं, आणि त्यामागून तव्यावर भाजलेल्या मेथीदाण्यांचा स्पष्ट वास. तो भास नव्हता. बोट्रायटिस लागलेल्या वाईनमध्ये सोटोलॉन नावाचं एक संयुग असतं आणि वाईन जुनी होते तशी त्याची मात्रा वाढत जाते. मेथीच्या दाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः याच संयुगामुळे आहे. पाश्चात्त्य चाखणारे इथे करी किंवा मेपलच्या पाकाचं नाव घेतात. मराठी घरात वाढलेल्या नाकाला मेथी जास्त नेमकी सापडते, आणि या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा पुढे आहोत असं मला मनापासून वाटतं.

जिभेवर गोडवा पहिल्या क्षणी आला, पण तो मुक्कामाला राहिला नाही. पाठोपाठ आम्ल आलं आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा हलका कडवटपणा बराच वेळ टिकला. साखर बाटलीत होती तेवढीच असते, पण जुन्या वाईनमध्ये तिच्याभोवती इतकं काही उभं राहतं की घोट कमी गोड लागतो. ज्यांना गोड वाईन नको वाटते, त्यांनी तरुण बाटलीवरून मत बनवण्याआधी जुनी चाखावी असा माझा आग्रह याचसाठी आहे.

ती टिकते फक्त साखरेमुळे, असंही पोस्टमध्ये ओझरतं म्हटलंय. साखरेचा वाटा आहेच, पण आम्ल, अल्कोहोल आणि थोडा सल्फर डायऑक्साइड यांच्याशिवाय ते जमत नाही. म्हणून प्रत्येक गोड वाईन ठेवण्यासारखी नसते. नाशिकला शेनिन ब्लां या द्राक्षापासून लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड वाईन बनते. तिचा आनंद ताजेपणात आहे, ती घेऊन कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. आणि आपल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली सोतेर्नही टिकणार नाही.

नवशिक्यांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १८५५ साली बोर्दोच्या वाईनची प्रतवारी झाली, तेव्हा पांढऱ्यांपैकी फक्त सोतेर्न-बार्साकच्या गोड वाईनना तीत जागा मिळाली, आणि दीकेमला एकट्याला पहिल्या श्रेणीच्याही वरचा दर्जा दिला गेला.

केक आणि बर्फ मात्र थांबवाच. वाईनपेक्षा गोड पदार्थ समोर आला की वाईन आंबट आणि पोकळ लागते. गुलाबजाम, जिलेबी, आयसिंगचा केक, सगळ्यांची तीच गत. फ्रान्समध्ये ती रोकफोर या खारट निळ्या चीजबरोबर घेतात. ते मिळालं नाही तर खारवलेले काजू-बदाम ठेवा, किंवा काहीच नको. थंडपणा १० ते १२ अंशांचा पुरे, त्याहून गार केली तर वास बंद होतो. ग्लास नेहमीचा पांढऱ्या वाईनचा, घोट-दोन घोटच ओतायची, आणि घाई करायची नाही. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर काही दिवस छान राहते.

राहिली किंमत. १८११ची दीकेमची एक बाटली २०११ साली ७५,००० पौंडांना विकली गेली, आणि पोस्टमधले ‘लाखो’ बहुधा तिथूनच आले असावेत. तो विक्रम होता, बाजारभाव नव्हे. सोतेर्नला हेक्टरी उत्पादनाची कायद्याने घातलेली मर्यादा साधारण २५ हेक्टोलिटर, म्हणजे अडीच हजार लिटर आहे. दीकेममध्ये ते सरासरी नऊच्या आसपास येतं, म्हणजे एका वेलीमागे एक ग्लास. एवढ्या मेहनतीच्या मानाने तिथल्या बहुतेक बागांची वाईन बोर्दोच्या नावाजलेल्या लाल वाईनपेक्षा खूप स्वस्त विकली जाते. गोड वाईनचा खप घटल्यामुळे अनेक बागा आता त्याच वेलींपासून कोरडी पांढरी वाईन काढू लागल्या आहेत. परदेशात राहणाऱ्या किंवा येता-जाता विमानतळावर थांबणाऱ्या कुणाला अर्धी बाटली दिसली, तर लेबलवरचं वर्ष पाहा, बाटली उजेडात धरून वाईन स्वच्छ आहे ना ते पाहा, आणि रंग गडद आहे म्हणून ती परत ठेवू नका.